एकपात्री + पियानो : पहिला अंक उभा राहिला

पहिला अंक आता कागद हातात न घेता सलग होतोय, वाजवणं आणि बोलणं दोन्ही धरून, आणि मी प्रचंड खूश आहे. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: नवव्या वर्षी नाशिकहून लंडनला आलेली मुलगी, घरात बाबांची पेटी, शाळेच्या हॉलमध्ये जुना अपराइट पियानो, आणि तिथून ती पियानिस्ट कशी होत जाते. गोष्ट बरीचशी माझीच, पात्रं सगळी मीच करते.

डोळ्यासमोर आहे अमेरिकन पियानिस्ट मोना गोलाबेकचं एकपात्री 'द पियानिस्ट ऑफ विल्सडन लेन', हर्शी फेल्डरने बसवलेलं, २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेफेन प्लेहाऊसला आलेलं. मोना त्यात आईची, लिसा जुराची गोष्ट सांगते आणि पियानोही स्वतःच वाजवते. व्हिएन्नातली चौदा वर्षांची ज्यू मुलगी १९३८ मध्ये किंडरट्रान्सपोर्टने, म्हणजे नाझींपासून मुलांना वाचवायच्या मोहिमेतून, लंडनला येते (जवळजवळ १०,००० मुलं अशी आईवडिलांशिवाय ब्रिटनला आली), कारखान्यात शिवणकाम करते, हॉस्टेलच्या पियानोवर रियाज करते, बॉम्ब पडत असतानासुद्धा, आणि रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पोचते. ते हॉस्टेल डॉलिस हिल लेनवरच्या आपल्या महाराष्ट्र मंडळापासून फार लांब नाही, लहानपणी गणपतीला जायचो तो सगळा तोच भाग. तिची आणि माझी गोष्ट एका मापाने मोजायची नाही हे मी पक्कं ठरवलंय, तिचे आईवडील मागे राहिले ते कायमचे, मी आईचा हात धरून आले. म्हणून तिच्या गोष्टीतला ग्रीगचा ए मायनर कॉन्चर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) माझ्या प्रयोगात नाही. तो लिसाचा.

मी तिथून उचललंय ते हे की सुरांनी प्रवेश पुढे न्यायचा. बोलून झालं की वाजवा, वाजवून झालं की बोला, असं केलं की अर्धी मैफल अर्धं भाषण होतं आणि दोन्ही पडतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला शाळेच्या पहिल्या दिवसावर. तिथे बाखचा सी मेजर प्रेल्यूड (छोटी रचना) आहे, ३५ बारचा, बार म्हणजे तालाचं एक माप. शेवटचे तीन सोडले तर प्रत्येक बारमध्ये सोळा सूर, आठांचा एकच आकार दोनदा, त्यामुळे हात चालत राहतात आणि वर मराठी बोलता येतं, फक्त वाक्याचा जोर बारच्या पहिल्या सुरावर नेमका पडू द्यायचा नाही, नाहीतर कविता म्हटल्यासारखं वाटतं. मुलगी वर्गात कुणाचं काय चाललंय ते सांगतेय, इंग्रजी कळत नाहीये, खाली बारमागून बार सूर बदलतायत. बाविसाव्या-तेविसाव्या बारला बास, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, अवघडतो आणि चोविसाव्याला पंचमावर येऊन बसतो, तो एकतिसाव्यापर्यंत हलतच नाही. तिथे मी गप्प. आधी त्या आठ बारवर आईच्या आठवणीचा परिच्छेद लिहिला होता, चांगला होता, पण पंचम धरून ठेवला की जी ओढ लागते तीच त्या मुलीची अवस्था आहे, वर शब्द कशाला? परिच्छेद काढला.

जागेचंही जमलं. पियानिस्टची उजवी बाजू प्रेक्षकांकडे असते, मग आईशी बोलताना मान उजवीकडे, प्रेक्षकांच्या डोक्यावरून, आणि शिक्षिकेशी बोलताना समोर, पियानोच्या पलीकडे. नजर बदलली की पात्र बदललं. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासहून जास्त पात्रं एकट्याने उभी करायचे, तेही चालतं-फिरतं, मला तर बसूनच करायचंय. पियानोचं झाकण अर्धंच उघडं ठेवायचं, हेडसेट माइक घ्यायचा.

दुसऱ्या अंकात ऑडिशन आहे, त्याला रचमॅनिनॉफचा सी शार्प मायनर प्रेल्यूड घेतेय, १८९२ चा. बाबांच्या पेटीवर ही काळी एक, आणि काळी एकला सा धरला की सुरुवातीचे ते तीन दणदणीत सूर म्हणजे कोमल ध, प, सा! हे बाबा पेटीवर दाखवतात असा प्रवेश लिहून झालाय. परीक्षकांचे प्रश्न त्या सुरांनंतरच्या हळू कॉर्ड्सवर (एकदम वाजणारे अनेक सूर) बसतील असं वाटतंय. मधला अजिटाटो, म्हणजे वेगवान, अस्वस्थ भाग, मात्र नुसता वाजवायचा, आणि सध्या तो ठरलेल्या लयीच्या बराच खाली आहे, तेव्हा पुढचे काही आठवडे डावा हात वेगळा, उजवा वेगळा.