कुष्ठरोगाचं माहितीपत्रक करताना, माझा अनुभव

आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. काकांच्या दंडावर फिकट चट्टा आला होता, तिथे टाचणी टोचली तरी कळायचं नाही, आणि निदान झालं कुष्ठरोगाचं. गोळ्या फुकट मिळाल्या, पण सोबतच्या कागदावर झडलेल्या बोटांचे फोटो आणि बारीक अक्षरात जंतूची माहिती, ते बघून काकूंनी त्यांचा कप आणि ताट वेगळंच काढलं. मला ते बघवेना. मी डीटीपीचं काम करते, म्हटलं आपणच नीट करू.

आधी स्किनच्या डॉक्टरांना गाठलं, मग ओपीडीबाहेर बसलेल्यांशी बोलले. जंतूचं कुणालाच पडलेलं नव्हतं हो, सगळे विचारायचे की नातवाला जवळ घेऊ का, एका ताटात जेवलं तर चालेल का. म्हणून पहिल्या पानावर तेच घेतलं: हात लावल्याने, सोबत जेवल्याने हा आजार होत नाही, औषध सुरू झालं की पसरणंही थांबतं, आणि काकांसारखा १२ महिन्यांचा कोर्स पूर्ण केला की माणूस बरा होतो.

दुसरं पान औषधाचं. रिफाम्पिसिनचा महिन्यातून एकदा डोस असतो, त्याने लघवी लालसर होते, लोक रक्त समजून घाबरतात आणि गोळ्या सोडतात. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, ते तर जास्तच अवघड, कारण चट्टा बाहीखाली झाकता येतो पण तोंडाचा रंग सगळ्या गल्लीला दिसतो. कोर्स संपल्यावर तो हळूहळू उतरतो, हे मी ठळक टाकलं.

मग छापायच्या आधी लोकांना दाखवलं, कळलं का असं न विचारता, यात काय सांगितलंय ते तुम्हीच मला सांगा म्हटलं. रोज रात्रीच्या गोळीसाठी मी चंद्र काढला होता. एका आजींनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही पुनवेला घ्यायची." चंद्र गेला, तिथे जेवणाचं ताट आणि शेजारी गोळी आली. झडलेल्या बोटांचा एकही फोटो ठेवला नाही, दंडावरच्या चट्ट्याचं साधं रेखाचित्र दिलं. इथे बरेच जण हिंदीच वाचतात म्हणून एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉट्सॅपवर ऑडिओ, तो काकूंनीच बोलून दिला.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र हट्टाने वर घ्यायला लावली: चट्टे अचानक लाल झाले, सुजले, हातापायाची नस दुखायला लागली तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, उशीर केला तर हात-पाय कायमचे अधू होऊ शकतात. ते आता पहिल्याच पानावर, सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे.