पाळक कसा हवा, हे म्हणे आम्हालाच विचारणार!

इथे इंग्लंडमध्ये आमच्या चर्चचे व्हाइकर, म्हणजे पाळक, रिटायर झाले आणि तेव्हापासून त्यांची जागा रिकामीच आहे. मुंबईत आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असं झालं असतं तर एव्हाना बिशप ऑफिसातून पत्र आलं असतं, उपासना संपल्यावर सेक्रेटरींनी ते वाचून दाखवलं असतं की अमुक साहेबांची बदली इकडे झालीये, मग टाळ्या, हार, शाल, विषय संपला. इथे मात्र मंडळीलाच विचारतात की बाबांनो, तुम्हाला माणूस कसा हवाय.

आणि हे उपकार म्हणून नाही हां, चर्च ऑफ इंग्लंडचा 1986 चा नियमच आहे तसा. निवडून आलेली चर्च कमिटी आपल्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, परिस्थिती, गरजा, परंपरा हे सगळं लेखी मांडते, दोन प्रतिनिधी निवडते, आणि एरवी त्या दोघांची मान्यता मिळाल्याशिवाय नव्या व्हाइकरला ऑफरच जात नाही. याच्यावर कडी म्हणजे चर्चवॉर्डनची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळीतल्या पदाधिकाऱ्यांची, निवडणूक. वर्षातून एकदा होते आणि तिथे त्या पॅरिशमध्ये राहणारा कुठलाही मतदार हात वर करू शकतो, चर्चची पायरी कधी चढला नसला तरी. आपण कॉमनवेल्थवाले, त्यामुळे मतदार यादीत नाव नोंदवता येतं. म्हणजे शेजारचे डोंबिवलीचे काका, जे दर गणपतीला मोदक पाठवतात, तेसुद्धा! त्यांना सांगितलं तर म्हणाले, आमच्या सोसायटीत पण इतकी लोकशाही नव्हती.

तर मागच्या आठवड्यात ती मीटिंग झाली. ऐकण्याची मीटिंग. आर्चडीकन बाई, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळक, आल्या, टेबलं मांडली, प्रत्येकाच्या हातात पिवळ्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाल्या लिहा मनातलं. आता खरं सांगते, पहिला अर्धा तास मला नुसता वैताग आला. हीटिंग चालत नाही. बाकांवर उशा हव्यात. कॉफी इन्स्टंट नको. मग बाकं काढून खुर्च्या ठेवाव्यात का यावर दोन आजोबांची जुंपली, अर्थात इंग्लिश पद्धतीने, म्हणजे 'मला तुमचं म्हणणं पटतं पण' असं तीन-तीनदा म्हणत. मी मनात म्हटलं, आमच्याकडे लोक उभं राहून उपासना करतात, मुलं पायऱ्यांवर बसतात, आणि हे उशा मागतायत. रविवारी इथे मोजून काढता येतील इतकी पांढरी डोकी असतात, मग विचारावंच लागणार ना लोकांना, आमच्याकडे न विचारता येतात.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक आजी बोलल्या. मी हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा चर्चमधून कुणी आलं नाही. बास, एवढंच. हॉल गप्प. आर्चडीकन बाईंनी ना सारवासारव केली ना 'आपण प्रार्थना करू' म्हणून विषय गुंडाळला. वाक्य लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं, 'तुम्हाला असंच म्हणायचंय ना?' आजी म्हणाल्या, नाही, 'कुणी' नको, 'व्हाइकर' लिहा. त्यांनी खोडलं आणि 'व्हाइकर' लिहिलं.

हे मी आमच्याकडे कधी पाहिलेलं नाही.

पण थांबा, लगेच आपल्या पाळकांना नावं ठेवू नका, कारण ती आजी आमच्या मंडळीत असती तर पाळकसाहेब दुसऱ्याच दिवशी केईएममध्ये हजर असते, सोबत महिला मंडळाच्या दोघीजणी आणि पेजेचा डबा. आमचे साहेब चाळीत चपला बाहेर काढून आत यायचे, लोखंडी खाटेवर बसून चहा घ्यायचे आणि कुणाची नोकरी गेलीये, कुणाच्या मुलीचं जमत नाहीये, कोण पुन्हा प्यायला लागलंय हे त्यांना कुठल्याही चिठ्ठीशिवाय माहीत असायचं. हे ऐकणं नाही तर काय आहे? इथले लोक घरी यायचं म्हणजे आधी ईमेल करतात.

आणि लोकांच्या कानाला काय रुचतं हे ओळखायला आम्हाला कुणी शिकवावं असंही नाही. 1813 पासून मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचं काम चालू, पण मंडळीच्या गळ्यात भक्ती उतरली ती ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या अभंगांनी आणि कीर्तनांनी. तेच टिळक 1917 मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढायला बाहेर पडले, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही घेऊन. ज्याला लोकांची नाडी सगळ्यात जास्त कळत होती तोच बाहेर, हेही आपलंच.

आमच्याकडे घरी ऐकतात, पण मीटिंगमध्ये? हिशेब वाचायचे राजधानी एक्सप्रेसच्या स्पीडने, 'मंजूर?' 'मंजूर!', मग सामोसे. मुंबईत विषय शेवटी जागेवरच येतो आणि माइक त्याच चार पुरुषांकडे. मी तिथे कधी तोंड उघडलं नाही, पण उघडून तरी काय होणार होतं, खाटेवर ऐकलेलं कुठे लिहिलंच जात नाही. साहेबांची बदली झाली की सगळं त्यांच्याबरोबर जातं, नवीन साहेब पुन्हा पहिल्या चहापासून सुरू.

काल त्या चिठ्ठ्यांचा अहवाल आला. कशाला हो, कशाला नाही आणि नाही तर का नाही, सगळं खाली लिहिलंय. उशांना नाही, पैसे नाहीत. आजारी लोकांना भेटणं पहिल्या पानावर. आता दोन प्रतिनिधींसाठी कुणीतरी माझं नाव सुचवलंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, पाहुणी आहेस तिथे, पुढे पुढे करू नकोस. मी फॉर्म भरलाय.