तुम्ही विचारलंत म्हणून: येशूबद्दल उघड बोलायला भीती नाही वाटत?

भिशीत, लग्नात, अगदी भाजी घेतानाही कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, तुम्ही येशूबद्दल इतकं मोकळेपणानं बोलता, भीती नाही वाटत?"

वाटायची. माझं माहेर नगरचं. तिथे चर्चमध्ये टाळ-मृदंगावर नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणत आम्ही मोठ्या झालो. लग्नानंतर इंदूरला आले आणि रामबागेतल्या आमच्या वाड्यात ख्रिस्ती घर एकटं आमचंच. रविवारी सकाळी कुठे निघालात म्हणून कुणी विचारलं की मी सांगायची, "भावाकडे." एकदा मुलीच्या बाईंनी मला थांबवून म्हटलं, "दर रविवारी मामाकडे जाते म्हणते, मजा आहे हो हिची." मला भाऊच नाही. माझं खोटं लेकीच्या तोंडी गेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या रविवारी जिन्यात काकूंनी विचारलं तेव्हा म्हटलं, "चर्चला चाललेय."

त्याच काकूंचं पुढे खुब्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. त्या घाबरल्या होत्या. मी विचारलं, "प्रार्थना करू का? पण मी येशूच्या नावानं करीन, चालेल?" त्या म्हणाल्या, "कर बाई, तुला जसं येतं तसं कर." एका हातात त्यांची जपमाळ होती, दुसऱ्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. प्रार्थना संपली तरी सोडलं नाही. आजही त्यांचा गुरुवारचा उपास चुकत नाही आणि त्यांना उपासाची साबुदाण्याची खिचडी मीच नेऊन देते.

कायदा मला ठाऊक आहे. घटनेच्या कलम 25 नं धर्माचा प्रसार करायचा हक्क दिलाय. आपल्याच मध्य प्रदेशातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं, की प्रसार म्हणजे आपली शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आमिष दाखवून कुणाला ओढणं मला स्वतःलाच पाप वाटतं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. ती मधली पाच वर्षं त्या माउलीची स्वतःची होती. नवऱ्याच्या धर्मात ती त्याच्यामागून फरफटत गेली नाही.

पण म्हणून गप्प बसायचं का? राणी मारिया या सिस्टर आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात सावकारीत पिचलेल्या आदिवासींसाठी काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्येच त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. त्या कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, पण 2017 मध्ये इथे इंदुरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा माझे डोळे भरून आले. येशूनं क्षमा करायला सांगितली, हे वाक्य मी शंभरदा उच्चारलं असेल. त्या बहिणीनं ते हातानं करून दाखवलं.

मी कुणाच्या दारात पत्रकं टाकत नाही. विचारलं तर मात्र टाळत नाही. परवा रविवारी जिन्यात काकूंनीच हाक मारली, "चर्चला ना? नातवाची परीक्षा आहे गं, त्याचं नाव घे तिथे."

घेतलं.