खाली बाकड्यावर दिसतं, घरात दिसत नाही

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कऱ्हाडजवळच्या गावाहून आमच्याकडे पुण्याला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "अगं, माझ्या कमेंटी कुठं गेल्या?"

मला आधी कळेचना. आई यूट्यूबवर काय बघतात हे माहीत होतं. जात्यावरच्या ओव्या, कीर्तन, आणि पुरणपोळी-कटाची आमटी करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ, जे त्या निव्वळ नावं ठेवायला बघतात. पण त्या खाली लिहितातसुद्धा, ही बातमी मला नवीन होती. एखाद्या बाईनं ओवी म्हटली की आई खाली "आमच्याकडं ही अशी म्हणत्यात" म्हणून आपली ओवी घालतात. टाइप करत नाहीत. कीबोर्डावरचा माइक दाबून बोलतात, आणि फोन ते मराठीत उतरवतो. मग कुठली तरी बार्शीकडची, सांगलीकडची बाई उत्तर देते. गावी जेवणं उरकली की रोज हाच उद्योग चालायचा.

आमच्या घरात मात्र व्हिडिओखाली कमेंटींच्या जागी एक ओळ यायची. प्रतिबंधित मोडमुळे कमेंट लपवल्या आहेत, अशा अर्थाची. आईंनी चष्मा वर सरकवून ती वाचली आणि म्हणाल्या, "प्रतिबंधित म्हंजे? मला बंदी घातली का काय?"

"छे हो आई, एक बटण बंद करायचंय फक्त," मी म्हटलं. त्या 'फक्त'नं माझे पुढचे दोन आठवडे खाल्ले.

बटण कुठे असतं ते सोपं आहे. यूट्यूबच्या ॲपमध्ये आपल्या गोल फोटोवर टिचकी, मग सेटिंग्ज, मग जनरल, आणि तिथे रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे हाच प्रतिबंधित मोड, नको ते व्हिडिओ लपवणारा. आईंच्या फोनवर ते बटण करडं पडलेलं होतं. दाबलं तरी हलेना. आता हा मोड खात्याला चिकटत नाही, ज्या फोनवर किंवा ज्या ब्राउझरमध्ये लावला तिथेच राहतो, एवढं मला माहीत होतं. म्हणून म्हटलं, फोनचंच काहीतरी असणार.

आधी संशय खात्यावर घेतला. आईंचं गूगल खातं गावातल्या मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं काढून दिलं होतं. त्यानं जन्मसाल भलतंच टाकलं असेल आणि गूगल आईंना लहान मूल समजत असेल, असा माझा तर्क. बघितलं तर तारीख आधारकार्डावरचीच होती, १ जून १९५१. ही १ जूनही काही खरी नव्हे. त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहायचे, त्यामुळे आईंच्या भावकीत निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पण वय बरोबर होतं. तर्क बाद.

मग रविवार आला आणि मी हत्यारं काढली. ॲपनं साठवलेली तात्पुरती माहिती, म्हणजे कॅश, साफ केली. ॲपचे अपडेट काढले, परत घातले. खात्यातून बाहेर पडून परत आत जायला गेले तर पासवर्ड कुणालाच आठवेना, आणि तो बदलायचा ओटीपी गेला नणंदेच्या फोनवर. नणंद शेतात. दुपारी चारला तिनं ओटीपी सांगितला, तोवर त्याची मुदत संपली होती. संध्याकाळी पुतण्यानं फोनवरून सल्ला दिला की फोन फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. आईंच्या फोनमध्ये सासऱ्यांचे आवाज आहेत, त्यांनी पाठवलेले व्हॉट्सॲपवरचे. मी म्हटलं, ते नको.

या सगळ्या काळात आई एकच वाक्य बोलत होत्या. "खाली बाकड्यावर बसलं की दिसत्यात गं. घरातच दिसत न्हाईत."

फिजिओथेरपिस्टनं त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. साडेपाचला त्या वॉकर घेऊन लिफ्टनं खाली जायच्या, दोन फेऱ्या मारायच्या आणि बाकड्यावर बसून फोन बघायच्या. मी म्हणाले, "आई, यूट्यूब सगळीकडे सारखंच असतं हो." हे मी दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही ते केवळ कुकरची शिट्टी झाली म्हणून.

सोमवारी लॅपटॉपवर बघितलं तर तिथेही मोड लागलेला. आणि तिथे खुलासाही होता: नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटरनं तो चालू केला आहे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ॲडमिनिस्ट्रेटर कोण असणार? म्हणजे इंटरनेटवाला. त्याला बोलावलं. त्यानं राऊटर बंद केला, दहापर्यंत मोजलं, चालू केला आणि सांगितलं, "मॅडम, आमच्याकडून असलं काही लावलेलं नसतं." मी त्याच्याशी वाद घातला. बराच घातला. तो बिचारा पाणीसुद्धा न पिता गेला.

रात्री जेवताना हा विषय निघाला तेव्हा लेक म्हणाली, "पण आपल्या वायफायवर कमेंट्स नसतातच ना." आपल्याकडे मांजर नसतं, तशा सुरात. ती आता सातवीत आहे. तिचा असा समज होता की कमेंट्स फक्त मैत्रिणीच्या घरी असतात. त्यावर नवरा म्हणाला, "आणि रेडिट ही साइट तर सरकारनंच बंद केलीय." "ऑफिसात चालतं का?" मी विचारलं. "ऑफिसात चालतं," तो म्हणाला आणि मग आम्ही दोघंही जेवायचे थांबलो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी आईंबरोबर खाली गेले. बाकड्यावर बसल्यावर फोनच्या माथ्यावरचा वायफायचा पंखा एकेक पाकळी गळत नाहीसा झाला, त्या जागी ४जी आलं. आईंनी ओव्यांचा व्हिडिओ उघडला, बोटानं वर सरकवला आणि खाली कमेंटींची ही रांग! लिफ्टनं वर आलो. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा अजून ४जीच होतं. चपला काढेपर्यंत वायफाय पकडलं. मी तोच व्हिडिओ पुन्हा उघडला. कमेंटी गायब. आई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी पुष्कळ दिवस विसरणार नाही.

म्हणजे फोन निर्दोष, खातं निर्दोष. गुन्हेगार वायफाय.

एवढं समजल्यावर शोधायचं काय ते कळलं. यूट्यूबचं एक पान असतं, पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन चेक, कंटेंट, रिस्ट्रिक्शन्स हे तीन शब्द मध्ये अंडरस्कोर घालून लिहिले की उघडतं. आपल्यावरचं बंधन नेमकं कुठून येतंय ते तिथे दिसतं: डीएनएसमधून, मधल्या एखाद्या यंत्रणेनं जोडलेल्या हेडर नावाच्या चिठ्ठीतून, की शाळेच्या-ऑफिसच्या खात्यातून. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला, तर सगळं साफ. घरच्या वायफायला जोडला, तर डीएनएसच्या नावापुढे बंधन. रविवारचा अख्खा दिवस वाया घालवण्याआधी हे पान बघितलं असतं तर नणंदेला बांधावरून धावत यावं लागलं नसतं.

डीएनएस म्हणजे पूर्वीची टेलिफोन डिरेक्टरी. आपण नाव सांगायचं, तिनं नंबर द्यायचा. शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्या यांच्यासाठी यूट्यूबनं अशी सोय ठेवली आहे की डिरेक्टरीनं यूट्यूबच्या नेहमीच्या नंबराऐवजी 'रिस्ट्रिक्ट' नावाच्या दुसऱ्या पत्त्याचा नंबर द्यायचा. दुकान तेच, पण तुम्ही आलात त्या दारावरून तिथले लोक ओळखतात की याला सगळा माल दाखवायचा नाही. त्यातही कडक आणि मध्यम असे दोन प्रकार आहेत. काय दाखवायचं नाही हे व्हिडिओचं शीर्षक, वर्णन, वयाची अट अशा खुणांवरून बहुतेक यंत्रच ठरवतं. कमेंटींच्या बाबतीत मात्र निवडानिवड नाही, त्या सरसकट झाकल्या जातात. यूट्यूबनं हा मोड २०१०मध्ये आणला तेव्हा त्याचं नाव सेफ्टी मोड होतं.

आता आमच्या घराला ही डिरेक्टरी कुणी दिली? राऊटर उघडून बघायला हवा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राऊटरचा पत्ता टाकला, लॉगिनचं पान आलं. राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवरचा पासवर्ड चालेना. म्हणजे कुणीतरी बदललेला. नवरा म्हणाला, "तू बदलला असशील." मी म्हटलं, "मी कशाला बदलू?"

डायरी सापडली माळ्यावर, आयकर रिटर्नच्या पिशवीत. बँकेनं फुकट दिलेली २०२०ची डायरी. पहिल्या पानांत मार्चपर्यंतचे दुधाचे हिशेब, मग लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या भाजीवाल्याचा नंबर, आणि अगदी शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात राऊटरचा पासवर्ड. त्याखाली १८५.२२८.१६८.१६८, त्याखाली १८५.२२८.१६९.१६८, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं: "फिल्टर. शाळा सुरू झाली की काढणे."

काखेत कळसा!

वाचल्याबरोबर सगळं आठवलं. लेक तेव्हा दुसरीत होती आणि शाळा लॅपटॉपवर आली होती. तास संपला की ही कार्टून लावायची, कार्टून संपलं की पुढचं काहीतरी आपोआप लागायचं. एका रात्री आमटी-भात खाताना तिनं एका शब्दाचा अर्थ विचारला. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याच रात्री मी जागून क्लीनब्राउझिंग नावाच्या डीएनएस सेवेचा फॅमिली फिल्टर शोधला आणि राऊटरमध्ये हे दोन आकडे घातले. फुकट मिळतो आणि सांगतो ते चोख करतो: अश्लील साइट बंद, रेडिटसारख्या बऱ्यावाइटाची सरमिसळ असलेल्या साइट बंद, गूगल आणि बिंगचा शोध सुरक्षित, यूट्यूब प्रतिबंधित. मग शाळा सुरू झाली, डायरी माळ्यावर गेली आणि फिल्टर पाच वर्षं इमानेइतबारे राखण करत राहिला. नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर मीच होते.

हे घरात सांगायच्या आधी मी इंटरनेटवाल्याला फोन केला. म्हटलं, माझंच चुकलं. तो म्हणाला, "होतं मॅडम असं."

आकडे नुसते पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम. पण मी ते केलं नाही, कारण लेक सातवीत आहे आणि २०२०मध्ये मला वाटलेली भीती काही खुळी नव्हती. क्लीनब्राउझिंगचाच दुसरा, जरा सैल फिल्टर आहे. त्याचे आकडे १८५.२२८.१६८.१० आणि १८५.२२८.१६९.११. तो अश्लील साइट अडवतो, गूगल-बिंगचा शोध सुरक्षित ठेवतो, यूट्यूबला आणि रेडिटला हात लावत नाही. ते घातले, सेव्ह केलं, राऊटर बंद करून चालू केला. लेकीच्या लॅपटॉपवर रिस्ट्रिक्टेड मोड आता वेगळा लावलाय, तिच्यासमोर बसून. ते बटण ती कधीही बंद करू शकते हे तिला माहीत आहे आणि तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाचं एक सेटिंग असतं, तिथे दुसरीच डिरेक्टरी लिहिली की राऊटरमधली डिरेक्टरी फोन विचारतच नाही. ते अजून तिला सापडलेलं नाही. सापडेल.

एक शेवटचा घोळ झालाच. आकडे बदलूनही आईंच्या फोनवर कमेंटी येईनात. फोननं जुना नंबर लक्षात ठेवला होता. वायफाय बंद करून चालू केलं, ॲप पूर्ण बंद करून उघडलं, तेव्हा बटणाचा करडेपणा गेला. टीव्हीचं मात्र प्लग काढूनच भागलं. नवऱ्यानं तोवर रेडिट उघडलं होतं आणि सरकारबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मी फोन आईंच्या हातात दिला. त्यांनी ओव्यांचा तो व्हिडिओ उघडला, खाली सरकवत सरकवत आपली ओवी शोधून काढली. तिच्याखाली कुणा बाईनं तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं, मावशी, आमची आजी पण हीच म्हणायची, पुढची ओळ काय हो?

"बाकड्यावर नाही दिसलं हे?" मी विचारलं.

"तितं ऊन येतं डोळ्यावर. एवढं बारीक न्हाई दिसत." मग त्या उठून बसल्या, पाय सावकाश स्टुलावर ठेवला. "तीन आठवडं झालं. थांबली असंल बिचारी. तो टीव्ही बंद कर बघू."

मी टीव्ही बंद केला. आईंनी माइक दाबला.