तिसरा एस कुठे गेला?

स्टाव्हांगरला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी नॉर्वेजियनचा संध्याकाळचा वर्ग लावला. आकडे, क्रियापदं, उच्चार निभावले. अडले ते जोडशब्दांत, त्यातही एकाच शब्दापाशी: बसथांबा.

'बुस्स' म्हणजे बस, शेवटी दोन एस. 'स्तोप्प' म्हणजे थांबा, सुरुवातीला एक एस. दोन्ही जोडून लिहायचे, म्हणून मी निबंधात तीन एस लिहिले. लाल रेघ! एकच व्यंजन लागोपाठ तीनदा लिहीत नाहीत, एक गळतं. बरं, मान्य. पुढच्या आठवड्यात तोच शब्द नेमका ओळीच्या टोकाला आला. उरलेले दोन एस मी वाटून टाकले, एक वर, एक खाली, मध्ये आडवी रेघ. पुन्हा लाल. का, म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, सवयीने येईल. तीन आठवडे मी विचारत राहिले आणि तीन आठवडे हेच उत्तर. शेवटी ग्रंथालयातल्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं: ओळीच्या टोकाला शब्द तोडला की गळलेलं व्यंजन परत येतं. वर 'बुस्स', खाली 'स्तोप्प', एस पुन्हा तीन. 'नात्त' आणि 'तोग' मिळून होणाऱ्या रात्रीच्या गाडीचंही तसंच. जोडून लिहिताना दोन टी, तोडताना तीन. म्हणजे अक्षरं मोजायची नाहीत, सांधा शोधायचा. एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? अजून राग येतो.

सांधा कानानेही सापडतो. गॅरेजच्या पाटीवर 'बीलदेलर' दिसलं की डोळा आधी 'बिल्दे' म्हणजे चित्र वाचतो. पण लोक 'बील' लांबवून म्हणतात, म्हणजे ती मोटार. शब्दाचा अर्थ मोटारीचे सुटे भाग.

लिंग शेवटच्या शब्दाचं. आपलं देवघर जसं 'ते', तसंच 'हूस' म्हणजे घर नपुंसकलिंगी, म्हणून 'स्यूकेहूस', रुग्णालय, तेही नपुंसकलिंगी.

आणि जोडशब्द सुटा लिहू नका. 'लाम्मेलोर' म्हणजे कोकराची तंगडी. मध्ये जागा सोडली की लुळ्या मांड्या.

हो, एक राहिलं. 'आर्बाइद' आणि 'प्लास' यांच्यामध्ये जोडायला एस येतो, नोकरीची जागा. शब्द तोडताना तो वरच्या ओळीतच ठेवायचा. शेवटच्या निबंधात मी हा शब्द मुद्दाम ओळीच्या टोकाला आणला. बाईंनी बरोबरची खूण केली. ते पान मी जपून ठेवलंय.