देवाने मनसुद्धा घेतलं

नाताळच्या उपदेशात दरवर्षी गव्हाणी, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी लोक सगळं येतं, 'शब्द देही झाला', म्हणजे देवाचा पुत्र येशू माणूस झाला, हे वचन वाचलं जातं आणि मग केक, चहा, कॅरल. देही झाला म्हणजे काय काय घेतलं त्याने, हे मात्र फारसं कोणी उलगडून सांगत नाही. हात घेतले, पाय घेतले, भूक-तहान घेतली, इथपर्यंत आपल्याला पटतं. पण मन? आपल्यासारखं घाबरणारं, खचणारं मन?

हा प्रश्न काही मी काढलेला नाही, चौथ्या शतकात यावर चांगलंच रान पेटलं होतं. ३२५ साली निकियाला झालेल्या बिशपांच्या परिषदेत ठरलं की पुत्र, म्हणजे येशू, हा पित्यासारखाच खरा देव आहे. तो वाद तिथे मिटला नाही, पुढे अनेक वर्षं चालला, पण निदान भूमिका स्पष्ट झाली. मग सिरियातल्या लावदिकीयाचे बिशप अपोलिनारिस, निकियाच्याच बाजूचे, येशूच्या देवपणावर जीव टाकणारे, त्यांनी मांडलं की येशूचं शरीर माणसाचं होतं पण माणसाचं मन त्याला नव्हतं, त्या जागी थेट देवाचा शब्दच होता. कारण माणसाचं मन चंचल, पापाकडे ओढ घेणारं, असलं मन देवाच्या पुत्राला कसं असेल? हेतू वाईट नव्हता हो. देवाचा मान राखायला गेले बिचारे.

पण कप्पदुकियाचे ग्रेगरी, नाझियान्झसचे, त्यांनी क्लेडोनियस नावाच्या एका याजकाला पत्र लिहून यावर जे उत्तर दिलं ते मला अख्ख्या ख्रिस्ती शिकवणुकीतलं सगळ्यात दिलासा देणारं वाक्य वाटतं. अर्थ असा, की जे त्याने धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. म्हणजे बघा, आपलं सगळ्यात जास्त बिघडलेलं काय असेल तर मन, आणि तेच त्याने घेतलं नसेल तर तारण कशाचं झालं? नुसत्या हाडामांसाचं? ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने अपोलिनारिसची शिकवण नाकारली आणि ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेत स्पष्ट लिहिलं गेलं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, विवेकी आत्मा आणि शरीर दोन्ही असलेला.

आता हे सगळं जुन्या बिशपांचं भांडण म्हणून सोडून देता येईल, पण आमच्या घरात ते असं आलं. पप्पा गेल्यानंतर आईने जेवण सोडलं, रात्र रात्र ओट्यापाशी स्टूलवर बसून राहायची, गॅसवर दूध ठेवलेलं असायचं आणि ते उतू जाऊन शेगडी विझली तरी तिला कळायचं नाही, मी उठून नॉब बंद करायचे. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला येत होते, प्रेमाने येत होते, पण त्यातल्याच एकांनी तिला तोंडावर सांगितलं की विश्वासणाऱ्याने एवढं खचायचं नसतं, सैतान याचा फायदा घेतो. त्या दिवसापासून आई प्रार्थनेलाही बसेना. देवासमोर जायची लाज वाटते म्हणाली.

मग आमच्या पाळकबाई आल्या. त्यांनी काहीच समजावलं नाही, बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय काढला आणि गेथशेमाने बागेचा, येशूला पकडलं त्या रात्रीचा भाग वाचला. तिथे येशू सोबत्यांना सांगतो, "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे." सोबत थांबा, जागे राहा अशी विनवणी करतो, जमिनीवर पडतो, एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा करतो, आणि तिन्ही वेळा येऊन बघतो तर मित्र झोपलेले. आई म्हणाली, परत वाचा. बाईंनी परत वाचलं. "हे येशू म्हणतोय?" एवढंच तिने विचारलं.

हो, येशूच म्हणतोय आणि ते नाटक नाही. तिथे त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची हिंमत आहे का? नाही ना? मग माझ्या आईला कोणत्या तोंडाने म्हणता?

त्यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. त्याने हे माणूसपण तेहतीस-एक वर्षं वापरून परत काढून ठेवलेलं नाही. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मरणातून उठल्यावर, थोमा या शिष्याला जखमा दाखवल्या त्या याच देहावरच्या, आणि वर गेला तो माणूस म्हणूनच. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात येशू हा जो प्रमुख याजक सांगितलाय, आपल्या दुर्बलतेची ज्याला कणव येते तो, त्याला आजही माणसाचं मन आहे, भीती म्हणजे काय ते आतून माहीत असलेलं. आपण प्रार्थना करतो ती त्याच्याजवळ.

आई आता मानसोपचार डॉक्टरांकडे जाते, गोळ्या वेळेवर घेते, प्रार्थनेलाही बसते. गोळ्यांबद्दल मंडळीत कुजबुज झाली तेव्हा तिनेच सांगितलं की बीपीच्या गोळ्या चालतात तर याही चालतील. आणि पाळकसाहेबांना मी विनंती केलीये, यंदा नाताळच्या उपासनेत येशूच्या जन्माची गोष्ट सांगणाऱ्या लूकच्या दुसऱ्या अध्यायासोबत मार्काचा १४ वा पण वाचा, कारण त्या बाकांवर आईसारखे अजून बरेच जण बसलेले असतात आणि ते बोलत नाहीत. त्यांनी हो म्हटलंय.