'रिंगा रिंगा रोझेस' प्लेगचं गाणं आहे का?

"बाई, ते प्लेगचं गाणं आहे ना? मग मुलांना कशाला शिकवता?" शिशुवर्गाला शिकवायला लागल्यापासून पालक मला हे विचारत आले आहेत. 'रिंगा रिंगा रोझेस'बद्दल. फोनवर एक मजकूर फिरत असतो, त्यात सगळं लावून दिलेलं असतं: रोझेस म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, पोझीस म्हणजे रोगट हवा बाधू नये म्हणून खिशात ठेवलेली फुलं, 'अटिशू अटिशू' या शिंका, आणि सगळे खाली पडतात म्हणजे मरतात. साल १६६५, शहर लंडन.

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. मला हा अर्थ पटत नाही. मुलांच्या खेळगाण्यांचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, त्या आयोना आणि पीटर ओपी या इंग्रज दांपत्यालाही तो पटला नव्हता.

लंडनचा तो प्लेग भयंकरच होता. मृतांच्या तेव्हाच्या याद्यांत ६८ हजारांहून जास्त माणसं प्लेगने गेल्याची नोंद आहे, आणि खरा आकडा लाखाच्या आसपास असावा असं इतिहासकार मानतात. रोगी सापडला की दारावर तांबडा क्रूस काढून घरच्यांना आत कोंडत. सॅम्युएल पेपिस त्या काळात रोजनिशी लिहीत होता. डॅनियल डिफोने १७२२ मध्ये त्या साथीवर अख्खं पुस्तक लिहिलं. दोघांकडेही हे गाणं नाही. १८५५ च्या एका अमेरिकी कादंबरीत त्याचं वेगळं रूप दिसतं, आणि आपल्या ओळखीचं गाणं छापलेलं मिळतं ते केट ग्रीनअवेच्या १८८१ च्या बालगीतसंग्रहात. मुलांची गाणी कागदावर यायला उशीर होतोच, तेवढ्यावरून मी काही ठरवलं नसतं. पण एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ही गाणी गोळा केली, तेही प्लेगचं नाव काढत नाहीत. तो अर्थ पसरला विसाव्या शतकात, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर.

रोगाशीही मेळ बसत नाही. गाठीच्या प्लेगात जांघेत नाहीतर काखेत गाठ येते, ताप फणफणतो. गोल गुलाबी चट्टे आणि शिंका ही त्याची लक्षणं नव्हेत. पुण्यात हे वेगळं सांगायला नको. १८९७ च्या साथीत रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या.

आता शिंकांकडे या, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. ग्रीनअवेच्या पुस्तकात शिंका नाहीतच. तिथे आहे 'हश! हश! हश! हश!' जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून असंच एक फेर धरायचं गाणं छापलेलं आहे, त्यात मुलं एल्डरच्या झुडपाखाली बसतात आणि 'हुश हुश हुश' करतात. अमेरिकेतली मुलं 'अ‍ॅशेस, अ‍ॅशेस' म्हणतात. तिथली एक जुनी आठवण विल्यम वेल्स न्यूएल या अमेरिकी लोकसाहित्य-अभ्यासकाने १८८३ मध्ये नोंदवली: मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला हे गाणं १७९० च्या सुमारास म्हणत, आणि त्यात गावातल्या मुली छोट्या जोसीसाठी फेर धरतात. शिंका नाहीत, कुणी मरतही नाही. आणि आपली मुलं काय म्हणतात? 'हुशा बुशा'. शिंकांपेक्षा ते त्या छापील 'हश हश'ला जवळचं आहे. आपल्याकडे ते नेमकं कसं रुळलं याचा माग कुणीतरी काढायला हवा, मला फार आवडेल वाचायला.

मग हे गाणं कशाबद्दल? न्यूफाउंडलंडचे लोकसाहित्याचे अभ्यासक फिलिप हिस्कॉक यांनी मांडलेलं मला सगळ्यांत पटतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक प्रॉटेस्टंट घरांत नाचायला बंदी होती. मग तरुण मुलंमुली वाद्यांशिवाय, नुसत्या गाण्यावर फेर धरत आणि त्याला खेळ म्हणत. एकमेकांचे हात धरायला मिळत, तेवढ्यासाठी. हा तर्कच आहे, पण गाण्यातली फुलं, फेर आणि शेवटचं खाली बसणं या तिन्हींना त्यात जागा मिळते. बऱ्याच जुन्या पाठांत मुलं पडतही नाहीत, गुडघे वाकवून अदबीने लवतात.

म्हणून हो, मी शिकवते आणि शिकवत राहणार. चार वर्षांच्या मुलाला सगळ्यांबरोबर एकदम धपकन खाली बसण्यात जो आनंद होतो, त्याला मृत्यूचा अर्थ चिकटवायची मला गरज वाटत नाही. घरी खेळणार असाल तर न्यूएलने लिहून ठेवलेला प्रकार खेळून बघा. एक मूल मधे उभं राहतं, ते गुलाबाचं झाड. बाकीचे भोवती फिरतात, गाणं संपताच सगळे खाली वाकतात, आणि जो सगळ्यांत शेवटी वाकेल त्याने झाड व्हायचं. पाच-सहा मुलं पुरतात.